घाटात ७५ पीएसची जुनी गाडी ९० पीएसच्या नव्या गाडीपेक्षा सहज का चढते?

प्रश्न (चाळीसगावहून)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे गेली अकरा वर्षे १.३ लिटर डिझेल इंजिनाची एक हॅचबॅक आहे. तिच्या पुस्तिकेत ४,००० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला ४,००० फेऱ्यांवर) ७५ पीएस (म्हणजे घोडे) शक्ती आणि २,००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क असे आकडे छापलेले आहेत. धाकटा भाऊ छत्रपती संभाजीनगरला नोकरीला असल्यामुळे महिन्यातून दोन-तीन वेळा आम्ही पाच माणसे आणि डिकीत त्याच्यासाठी धान्याची एखादी गोणी असे कन्नडचा घाट चढतो. एवढ्या वर्षांत या गाडीने घाटात कधी दम टाकला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ती शांतपणे वर जाते.

आता गाडी बदलायची आहे. नव्या छोट्या गाड्यांत डिझेल इंजिन जवळजवळ उरलेलेच नाही, म्हणून एक १.२ लिटर पेट्रोल गाडी चालवून पाहिली. तिचे आकडे ६,००० आरपीएमला ९० पीएस आणि ४,४०० आरपीएमला ११३ न्यूटन-मीटर असे आहेत. विक्रेत्याने पंधरा घोडे जास्त मिळत असल्याचे आवर्जून सांगितले. गावातल्या रस्त्यावर गाडी छान वाटली, परंतु घरची मंडळी बसवून चढाला नेली तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये ती मंद पडत गेली आणि दुसरा गिअर टाकावाच लागला. पंधरा घोडे जास्त असताना असे का व्हावे? रोजच्या वापरासाठी यांपैकी कोणता आकडा पाहावा, हे कोणी नीट समजावून सांगेल काय?

उत्तर (धुळे, तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त)

आपला प्रश्न फार योग्य आहे. आपण दोन्ही आकड्यांसोबत आरपीएम लिहिले, हे त्याहून महत्त्वाचे आहे, कारण उत्तर त्यातच दडलेले आहे.

टॉर्क म्हणजे क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, मिळणारा पीळ, आणि शक्ती म्हणजे तो पीळ मिनिटाला किती फेऱ्यांनी मिळतो याचा हिशेब. या दोन वेगळ्या वस्तू नाहीत. न्यूटन-मीटरमधील टॉर्कला आरपीएमने गुणून ७,०२४ ने भागले की पीएसमधील शक्ती मिळते. एक पीएस म्हणजे ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतकी शक्ती होय. म्हणून ९० पीएस हा आकडा इंजिनाचा कायमचा गुण नसून ६,००० फेऱ्यांवर क्षणभर भेटणारी अवस्था आहे. आपण चालवलेल्या गाडीत ते नव्वद घोडे गाठायचे असतील, तर दुसऱ्या गिअरमध्ये ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून जावे लागेल. घरची मंडळी गाडीत असताना घाटात असे कोणी चालवत नाही, आणि चालवूही नये.

आता घाटाला प्रत्यक्ष किती शक्ती लागते ते पाहू. माणसांसह गाडी १,४०० किलोची, चढ शंभर मीटरला सहा मीटर आणि वेग ताशी ४० किलोमीटर धरला, तर चढण्यासाठी सुमारे ९ किलोवॉट, टायरच्या घर्षणासाठी सुमारे २ आणि हवेच्या विरोधासाठी अर्ध्याहून थोडे अधिक किलोवॉट लागतात. हे साधारण १६ पीएस झाले. गिअरबॉक्समधील तूट आणि एसीचा भार मिळवला, तर वीस-एकवीस पीएस होतात. म्हणजे घाटाला नव्वद घोड्यांची गरजच नाही. पण ते एकवीस घोडे लागतील तेव्हा हजर असावेत आणि त्यांच्यावर काही शिल्लकही असावेत.

चाळीसच्या वेगाला तिसऱ्या गिअरमध्ये अशा पेट्रोल गाडीचे इंजिन सुमारे २,२०० फेऱ्यांवर असते. तेथे तिचा टॉर्क ढोबळमानाने १०० न्यूटन-मीटर धरला, तर शक्ती ३१ पीएस येते. डिझेल गाडीचे गिअर लांब असल्यामुळे तिचे इंजिन सुमारे १,९०० फेऱ्यांवर असेल. पण तेथे १८५ न्यूटन-मीटर मिळत असतील, तर शक्ती ५० पीएस होते. खर्च एकवीस वजा केला की एकीकडे दहा घोडे शिल्लक राहतात आणि दुसरीकडे एकोणतीस. आपल्या पायाला जाणवतो तो फरक हाच आहे. कागदावर जास्त शक्तीची गाडी, आपण जेथे चालवता त्या फेऱ्यांवर कमी शक्तीची ठरते. कमी आरपीएमचा टॉर्क महत्त्वाचा म्हणायचा तो एवढ्याच अर्थाने.

हा फरक मुख्यतः टर्बोमुळे पडतो. टर्बो नसलेले पेट्रोल इंजिन आपल्या आकारमानाइतकी हवा कशीबशी ओढते, म्हणून दर लिटरमागे त्यातून ९० ते १०० न्यूटन-मीटरच निघतात. टर्बो तीच हवा दाबून भरतो. उदाहरणार्थ, नेक्सॉनच्या १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिनाचे आकडे ५,५०० आरपीएमला १२० पीएस आणि १,७५० ते ४,००० आरपीएमपर्यंत १७० न्यूटन-मीटर असे आहेत. आपण पाहायचा तो १,७५० चा आकडा. १२० चा नव्हे.

उत्तर (नंदुरबारहून)

सरांचा हिशेब मान्य करूनही मला थोडी वेगळी बाजू मांडावीशी वाटते. टॉर्क गिअरने वाढवता येतो, शक्ती वाढवता येत नाही. त्याच पेट्रोल गाडीत दुसरा गिअर टाकला, तर चाळीसच्या वेगाला इंजिन सुमारे ३,५०० फेऱ्यांवर जाते. तेथे ११० न्यूटन-मीटर धरले तरी ५५ पीएस मिळतात, म्हणजे डिझेलच्या तिसऱ्या गिअरपेक्षा जास्तच. मग गाडीत दोष कोठे आहे? दोष आपल्या सवयीत आहे. आपल्याकडे इंजिन ३,००० च्या वर गेले आणि आवाज वाढला की गाडीवर अन्याय होतो असे समजले जाते, परंतु पेट्रोल इंजिन त्या फेऱ्यांसाठीच घडवलेले असते.

मी दरवर्षी पावसाळ्यात तोरणमाळला अशीच टर्बो नसलेली पेट्रोल गाडी घेऊन जातो. तेथे उंची सुमारे १,१०० मीटर असल्यामुळे हवा खालच्यापेक्षा जवळजवळ दहा टक्के विरळ असते. तरीही वळणाआधी गिअर उतरवला आणि फेरे टिकवून ठेवले, तर गाडी विनातक्रार चढते. नुसता टॉर्कचा मोठा आकडा पाहूनही फसगत होऊ शकते, कारण डिझेलचे गिअर लांब असल्याने इंजिनाचा दुप्पट टॉर्क चाकावर दुप्पट होऊन पोहोचत नाही.

उत्तर (रावेरहून, केळी उत्पादक शेतकरी)

नंदुरबारच्या भाऊंचे म्हणणे चुकीचे नाही, पण एक गोष्ट त्यात राहून गेली आहे, आणि ती आम्हा ट्रॅक्टरवाल्यांना रोज दिसते.

ट्रॅक्टर घेताना आम्ही अश्वशक्ती विचारतो, पण त्याबरोबर बॅकअप टॉर्क किती टक्के आहे हेही विचारतो. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर चालू असताना नांगर काळ्या जमिनीत खोल रुतला की फेरे खाली येतात. चांगल्या ट्रॅक्टरमध्ये फेरे खाली येतील तसतसा टॉर्क वाढत जातो, त्यामुळे इंजिन दबते, पण बंद पडत नाही. ते स्वतःच तोल सावरते आणि चालकाला गिअरला हात लावावा लागत नाही. पंचेचाळीस अश्वशक्तीच्या वर्गातला ट्रॅक्टर साधारण दोन हजार फेऱ्यांच्या आसपास केळीने भरलेली ट्रॉली ओल्या शिवाररस्त्यावरून काढतो, ते याच गुणावर आणि अर्थातच त्याच्या बारीक गिअरवर.

आता हेच आपल्या पेट्रोल गाडीला लावून पाहा. तिचा सर्वोच्च टॉर्क ४,४०० फेऱ्यांवर आहे. आपण २,२०० वर चढत आहात, म्हणजे शिखराच्या अलीकडच्या बाजूला. चढ थोडा वाढला आणि फेरे कमी झाले की टॉर्कही कमी होतो, मग फेरे आणखी कमी होतात. आपण लिहिले की गाडी मंद पडत गेली. ती एकदम थांबली नाही, पडतच गेली, कारण तिच्यापाशी सावरायला काही नव्हते. ज्या इंजिनाचा टॉर्क खालीच सपाट पसरलेला आहे, ते फेरे उतरले तरी ओढत राहते. आमच्याकडची बोलेरोही पंच्याहत्तरच्या आसपास पीएसचीच आहे, पण तिचे २१० न्यूटन-मीटर १,६०० ते २,२०० फेऱ्यांमध्ये मिळतात, आणि शेतातून माणसे व खते भरून निघताना आम्हाला तेवढेच हवे असते.

गिअर उतरवला की काम होते हे खरे आहे. परंतु भरल्या गाडीत, गर्दीत, खड्डे चुकवत जाताना दर दोन मिनिटांनी ते करावे लागणे आणि करावेच न लागणे यांत मोठे अंतर आहे. रोजची गाडी मी त्या अंतरावरूनच जोखतो.

उत्तर (जळगावहून, गॅरेज चालवतो)

माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांवरून काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट क्लचची. खाली टॉर्क कमी असलेली गाडी चढावर उभी करून पुन्हा उचलायची असेल, तर चालक नकळत हाफ क्लचवर जास्त वेळ घालवतो. चढउताराच्या गावांतून येणाऱ्या गाड्यांच्या क्लच प्लेटा लवकर घासलेल्या दिसतात, त्यामागे बहुतेकदा हीच सवय असते.

दुसरी गोष्ट आपल्या उन्हाची. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. २५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ही हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. इंजिन तितकी कमी हवा घेते, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळण्यासाठी इंजिनाचा संगणक ठिणगी उशिरा देतो, आणि त्याच वेळी एसी पूर्ण जोरात चालू असतो. ज्या इंजिनाकडे खालच्या फेऱ्यांवर मुळातच थोडे शिल्लक असते, त्याला हे तिन्ही एकदम लागते. त्यामुळे जानेवारीतल्या सकाळी चालवून पाहिलेली गाडी मे महिन्याच्या दुपारी वेगळीच वाटते.

तिसरी गोष्ट टर्बो घेणाऱ्यांसाठी आहे, आणि ती कळकळीने सांगतो. खाली टॉर्क आहे म्हणून चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. त्या फेऱ्यांवर टर्बो अजून भरलेलाच नसतो, गाडी क्षणभर मेल्यासारखी वाटते, आणि थेट इंधन फवारणीच्या छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनांत अशा वेळी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटण्याचा धोका असतो. त्यामुळे पिस्टनला इजा होऊ शकते. हा धोका कमी करणारे ऑइल मिळते. २०२० पासून आलेल्या एपीआय एसपी या प्रतीत त्याची चाचणी समाविष्ट आहे. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली प्रतच वापरा.

विजेच्या गाडीबद्दल कोणी बोलले नाही म्हणून एवढेच लिहितो, की तिच्या मोटरला शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क मिळतो आणि गिअर बदलायचा प्रश्नच येत नाही. चढ चढण्यापुरते पाहिले तर तिच्याशी कोणत्याही इंजिनाची तुलना होत नाही.

प्रश्नकर्त्याचे उत्तर (चाळीसगावहून)

सर्वांचे मनापासून आभार. सरांचे सूत्र वहीत उतरवून घेतले आणि रविवारी पुन्हा घाटात गेलो. या वेळी दोन गाड्या मागितल्या होत्या: तीच १.२ लिटर पेट्रोल आणि दुसऱ्या एका कंपनीची टर्बो पेट्रोल. दोन्हींत तीच पाच माणसे बसवली, एसी चालू ठेवला आणि माझा भाऊ शेजारी बसून आरपीएमचा काटा पाहत होता.

नंदुरबारच्या भाऊंनी सांगितल्याप्रमाणे साधी पेट्रोल गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ३,५०० फेऱ्यांवर ठेवली, तेव्हा ती खरोखर व्यवस्थित चढली. मी तिच्यावर अन्याय केला होता हे मान्य करतो. तिसऱ्या गिअरमध्ये मात्र रावेरच्या दादांनी वर्णन केले तसेच घडले: वळणावर काटा २,००० च्या खाली आला आणि मग तो येतच राहिला. टर्बो गाडीत तोच काटा १,८०० वर आला तरी गाडीने वेग सोडला नाही. तिला १,४०० च्या खाली नेले तेव्हा मात्र तीही सुस्तावली, म्हणजे जळगावच्या दादांचा इशारा आमच्यासाठीच होता.

आमच्या घरी गाडी मुख्यतः वडील चालवतात. त्यांचे वय अडुसष्ट आहे, आणि इंजिनाचा आवाज वाढला की ते लगेच पाय काढून घेतात. त्यांना आता ३,५०० फेऱ्यांची सवय लावण्यापेक्षा त्यांच्या सवयीच्या फेऱ्यांवर ओढणारी गाडी घेणे मला योग्य वाटते. टर्बो गाडी पुन्हा एकदा मे महिन्यात, भर दुपारी, वडिलांच्याच हाती देऊन त्याच वळणावर नेणार आहे. पैसे त्यानंतर भरू.