हिअरिंग एडचं ॲप चालतं, पण कॉल कानात ऐकू येत नाही

प्रश्न | सातरस्ता, सोलापूर
वडिलांना दोन्ही कानांना मशीन आहे, कानामागे बसणारं, ३१२ नंबरच्या सेलवर चालणारं. फोन अँड्रॉइड १२ चा. ॲपमधून आवाज कमी-जास्त होतो, प्रोग्रामही बदलतो. पण कॉल फोनमध्येच वाजतो. ब्लूटूथच्या यादीत डावंच मशीन दिसतं. बिघाड कशात आहे?

आवाजवाला
बहुतेक कशातच नाही. ॲप फक्त हुकूम पाठवतं, त्याला कमी वीज खाणारं साधं ब्लूटूथ (लो एनर्जी) पुरतं. कॉलचा आवाज पाठवायची सोय वेगळी. आयफोनमध्ये ॲपलची स्वतःची आहे. अँड्रॉइडमध्ये 'आशा' (ASHA) नावाची गूगलची सोय आहे, अँड्रॉइड १० पासून. पण ती द्यायची की नाही हे फोन कंपनी ठरवते, म्हणून एकाच व्हर्जनच्या दोन फोनांत फरक पडतो. एलई ऑडिओ ही ब्लूटूथवरून आवाज पाठवायची नवीन पद्धत अँड्रॉइड १३ पासून, तेही फोन आणि मशीन दोघांत असेल तरच. फोनॅक कंपनीची 'मार्व्हल' आणि त्यापुढची मशीनं साध्या हेडसेटसारखी जुळतात, त्यांना यातलं काही लागत नाही.
सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'हिअरिंग एड्स' किंवा 'हिअरिंग डिव्हाइसेस' आहे का बघा. मशीन कंपनीच्या साइटवर चालणाऱ्या फोनांची यादी असते. तीत नाव नव्हे, मॉडेल नंबर जुळवा.

होटगीरोडकर
यादीत न दिसणाऱ्या उजव्या मशीनचं असं करा. वडिलांचा जुना फोन घरात चालू असेल तर आधी त्याचं ब्लूटूथ बंद करा. तोच मशीन ओढून घेतो, आणि हे कुणाच्या लक्षात येत नाही. मग या फोनमधून मशीन 'फर्गेट' करा, ॲपमधूनही काढा. दोन्हीकडे नवे सेल घाला. सेलचा स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं तो उघडा ठेवा, हवा आत गेल्याशिवाय पूर्ण व्होल्टेज येत नाही. दोन्ही सेलची दारं एकदमच बंद करा, फोन शेजारीच हवा. बऱ्याच मशीनांत जोडणीसाठी साधारण तीनच मिनिटं मिळतात. जोडणी सेटिंगमधून करा, ॲप नंतर. 'आशा'वर दोन्ही जुळली की यादीत नाव एकच राहतं, त्यामुळे दोन नावं शोधत बसू नका.

कर्णयंत्र_दुरुस्ती
दोन गोष्टी जोडतो. 'आशा'वर वडिलांचा आवाज फोनचाच माइक घेतो. फोन खिशात ठेवून बोलले तर समोरचा 'हॅलो हॅलो' करत राहणार. दुसरं, कॉल आणि व्हिडिओ थेट कानात घेतले की सेल लवकर संपतो. त्यात आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात स्टिकर काढलेला हा झिंक-एअर (हवेवर चालणारा) सेल वापरला नाही तरी आतून सुकतो. स्टिकर परत चिकटवून काही वाचत नाही. एका वेळी एकच जोडी उघडा, पाकीट गाडीच्या डिकीत ठेवू नका.

प्रश्नकर्ता
'हिअरिंग एड्स' किंवा 'हिअरिंग डिव्हाइसेस' फोनमध्ये नाहीच. आता?

आवाजवाला
मग दोन वाटा. एक, मशीनच्याच कंपनीची शर्टाला लावायची क्लिप. ती कुठल्याही फोनला साध्या ब्लूटूथने जुळते, आवाज मशीनला देते, बोलायचा माइकही तिच्यातच असतो. दुसऱ्या कंपनीची चालत नाही. दुसरी वाट फोन बदलायची. नवी पेठेत घ्यायला जाल तेव्हा वडिलांना मशीन लावूनच न्या, दुकानातच जोडून एक कॉल लावा. 'ब्लूटूथ ५.२ आहे, चालेल' यावर जाऊ नका. त्या आकड्याने एलई ऑडिओ शक्य होतं, दिलेलंच असतं असं नाही.