मदत हवी आहे: मुलाच्या ट्रस्टवर घरचेच विश्वस्त नेमावेत का?

नमस्कार मंडळी. आम्ही वडोदऱ्याचे, दांडिया बाजारातले. धाकट्याला ऑटिझम आहे, वय 26. आमच्या पश्चात त्याचं नीट भागावं म्हणून खाजगी ट्रस्ट करतोय. थोरली लेक आणि माझे दीर विश्वस्त व्हायला तयार आहेत. वरणात फोडणीची मिरची दिसली की तो ताट सारतो, असलं सगळं लेकीला ठाऊक. परक्या माणसाला ते कोण सांगणार? पण त्याच्यामागे उरेल ते तिलाच जायचंय. उद्या खर्चात हात आखडला तरी कोणी तिच्यावरच बोट ठेवेल, याची फार काळजी वाटते.

1882 च्या भारतीय ट्रस्ट कायद्याप्रमाणे दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर विश्वस्तांनी निर्णय एकमतानेच घ्यायचे. मग तिसरा बाहेरचा, सीए वगैरे, घ्यावा का? त्याचं मानधन दस्तात कसं लिहिलंत? इथला अनुभवी वकील कोणाला माहीत असल्यास कृपया कळवा.