फेरी चुकेल म्हणून वळणावर सायकलवाल्याला दाबायचं? (हेदवी-तवसाळ रस्ता)

सड्यावरचा_सायकल्या

रविवारी सकाळी हेदवीहून तवसाळला निघालेलो, तिथून फेरीने खाडी ओलांडून जयगड आणि पुढे गणपतीपुळे असा बेत. चढावर होतो, डांबराच्या डाव्या कडेपासून हातभर आत, स्पीड म्हणाल तर चालणाऱ्या माणसापेक्षा जरा जास्त. मागून पांढरी एसयूव्ही आली ती हॉर्नवर हात ठेवूनच. पुढे आंधळं वळण, आणि वरून एसटी उतरतेय हे मला स्वच्छ ऐकू येत होतं, काचा लावून एसीत बसलेल्याला कुठून येणार. मी हात मागे करून थांबा थांबा खूण केली तरी त्याने गाडी घातलीच, समोर एसटी दिसल्यावर ब्रेक मारायच्या ऐवजी डावीकडे माझ्या अंगावर ओढली, आरसा कोपराला घासून गेला, चाक डांबरावरून खाली उतरलं आणि सायकल साईडपट्टीच्या चरात, मी घाणेरीच्या झुडपात.

एसटीच्या ड्रायव्हरने गाडी थांबवून विचारपूस केली. एसयूव्ही निघून गेली.

पुढे तवसाळच्या जेटीवर हा गृहस्थ लाईनीत उभा. फेरीबोट अजून जयगडच्या बाजूलाच! मी विचारलं, साहेब एवढी घाई कसली होती, तर म्हणे "फेरी चुकली असती तर तू भरपाई देणार होतास का, रोड टॅक्स आम्ही भरतो, तुम्ही फुकट रस्ता अडवता". मागच्या सीटवरच्या आज्जी बिचाऱ्या "लागलं का रे बाळा" म्हणाल्या तर त्यांना काच वर करायला लावली.

हात-पाय शाबूत आहेत, खरचटण्यावर भागलं. पण मला खरंच जाणून घ्यायचंय की इथल्या गाडीवाल्यांना यात काही चुकीचं वाटतं का.

स्टिअरिंग_पुणे

एक बाजू ऐकून निकाल द्यायचा नसतो म्हणून लिहितो. मी फॅमिली घेऊन वर्षातनं दोन-तीनदा कोकणात येतो. तो माणूस उद्धट बोलला हे चूकच, पण परिस्थिती बघा ना. गाडीत म्हातारं माणूस, एक फेरी गेली की पुढचीची वाट बघत जेटीवर उन्हात बसा, नाहीतर खाडीला वळसा मारून लांबून या. आणि सायकलवाले चढावर दहाच्या स्पीडने, मागे सहा गाड्या तुंबल्या तरी कडेला थांबायचं नाव नाही. दोन मिनिटं पाय टेकवून गाड्या सोडल्या तर काय बिघडतं? व्यायामाला आलाय ना, थोडा जास्त होईल.

सड्यावरचा_सायकल्या

सहा गाड्या नव्हत्या, एकच होती. आणि जागा मिळाली की मी थांबतो, पण त्या वळणावर थांबायला जागा कुठंय हे तुम्हीच सांगा. एका बाजूला दरड, दुसरीकडे चर. वळण संपल्यावर वर सपाटी लागते, तिथपर्यंत अर्धा मिनिट मागे राहायचं होतं फक्त.

चिरेवाला_०८

मी जांभ्याच्या चिऱ्याचा ट्रक चालवतो, माझी बाजू पण ऐका कारण सगळे आम्हालाच शिव्या घालतात. भरलेली गाडी चढाला लागली की ती थांबवायची नसते. थांबली की परत पहिला टाकून क्लचवर उचलायची, मागे घरंगळते, त्यात मागे कोणी कारवाला चिकटून उभा असेल तर त्याच्या बॉनेटवरच. म्हणून पुढे सायकल दिसली की आमचा जीव वर-खाली होतो, हॉर्न मारतो तो माजाने नाही. सायकलवाल्यांनी हे समजून घ्यायला पाहिजे की सगळ्यांना 'अर्धा मिनिट' परवडत नाही.

आता ती एसयूव्ही. तिला कसला लोड? गिअर टाकायला पण लागत नाही आजकाल, ब्रेकवरचा पाय काढला की चालते. तिने थांबायला काय झालं होतं? यात माझं मत सायकलवाल्या भावाच्या बाजूने.

निवांत_आंबोळी

चिरेवाले दादा, पहिल्यांदा कोणीतरी मुद्द्याचं बोललं.

मोजपट्टी

जरा हिशोब करू. किनाऱ्यालगतचे असले रस्ते बऱ्याच ठिकाणी साडेपाच मीटर डांबराचे धरा, काही जागी त्याहून कमीच. एसटीची रुंदी अडीच मीटर. मोठी एसयूव्ही आरशांसकट दोन मीटर. उरला एक मीटर. त्यात सायकलचा हँडल साठ सेंटीमीटर, आणि माणूस काही रुळावर चालत नाही, चढावर सायकल दोन्हीकडे थोडी डुलतेच. म्हणजे तिघं एका वेळी त्या वळणात मावत नाहीत, कोणीतरी बाहेर जाणार, आणि कोण जाणार हे ज्याच्याकडे लोखंड जास्त तो ठरवणार. एसयूव्हीवाल्याने ओव्हरटेकला गाडी काढली तेव्हाच हे ठरलेलं होतं. नंतर समोर एसटी आली, नाइलाज झाला वगैरे म्हणण्यात अर्थ नाही.

जर्मनीत २०२० पासून कायद्यातच आकडा आहे, सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचं.

स्टिअरिंग_पुणे

झालं, आलं युरोप! अहो तुम्हीच म्हणताय एक मीटर उरतो, मग दोन मीटर कुठनं सोडणार? म्हणजे सायकलच्या मागे रांगेने तवसाळपर्यंत जायचं का? प्रॅक्टिकल बोला.

मोजपट्टी

समोरून कोणी नसेल तर साडेपाचातले जवळपास साडेचार मीटर तुमचेच आहेत की, आरामात दीड मीटर सोडून जाता येतं. समोर काय आहे ते दिसत नसेल तर जायचं नाही. यात युरोप कुठे आला, लायसनच्या परीक्षेत हेच विचारतात, वळणावर आणि चढाच्या माथ्यावर ओव्हरटेक नाही. आणि आपल्याकडच्या २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमावलीतही पादचारी, सायकलवाले, मुलं, म्हातारी माणसं यांची खास काळजी घेणं हे ड्रायव्हरचं कर्तव्य म्हणून लिहिलंय.

बोलेरो_भाई

नियम नियम काय लावलंय. कोकणात नियमाने गाडी चालवली तर आंब्याच्या पेट्या वाशीला पोचतील का वेळेत? रात्रभर आम्ही चालवतो. आणि ह्या रंगीत टाइट कपड्यातल्या सायकलवाल्यांचं मला सांगूच नका, शनिवार-रविवार आठ-आठ जण घोळक्याने, दोन-दोन तीन-तीन शेजारी गप्पा मारत, कानात बोंडं घातलेली, हॉर्न मारला तर वळून बघणार पण बाजूला होणार नाहीत. पहाटे धुक्यात मागे लाईट नसतो. आम्ही ठोकलं तर जेल आम्हाला.

सड्यावरचा_सायकल्या

भाई, मी एकटा होतो, कानात काही नव्हतं, मागे लाल लाईट चालू होता. घोळक्याने जाणाऱ्यांवर राग आहे तर तो त्यांना सांगा, मी पण सांगेन. एकट्या माणसाला ढकलून त्याचं उट्टं काढायचं का?

वेंगुर्लेकरीण

अरे बाबानू, सायकल म्हटल्यार तुमका फक्त हेल्मेट घातलेले पर्यटकच दिसतत काय? आमच्याकडे पाववालो सकाळी काळोखात भोंपू वाजवीत येता, सायकलच्या मागे पावाची ही मोठी टोपली. नदरेत भरता काय तो कोणाच्या? शाळेतली चेडवा सायकलीन जातत. तो पाववालो रोड टॅक्स भरणा नाय म्हणान तेका गटारात घालतलास? आणि गाडयेत बसलो की माणूस बदालता ह्या खरा, घराकडे देवमाणूस आसता पण चावी हातात इली की कोणाक वळखणा नाय.

निवांत_आंबोळी

ताई 🙏 रोड टॅक्सचा विषय एकदा संपवूया का? गाडी घेताना जो टॅक्स भरतो तो गाडी रस्त्यावर आणायचा टॅक्स आहे, रस्त्याच्या सातबाऱ्यावर नाव लागत नाही त्याने. रस्ते बजेटमधून होतात आणि बजेटमध्ये साबणाच्या वडीवर जीएसटी भरणाऱ्याचे पण पैसे असतात. सायकलवर सुद्धा जीएसटी आहे, आधी १२ टक्के होता, सप्टेंबर २०२५ मध्ये ५ केला. फुकट कोणीच नाही. शिवाय सायकलने रस्ता किती झिजतो आणि चिऱ्याच्या ट्रकने किती... (दादा राग मानू नका)

चिरेवाला_०८

राग नाही, खरंच आहे. पण ट्रक नाय आला तर घर कशाचं बांधणार, थर्माकोलचं?

तात्या_निवृत्त

मी एसटीत बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलंय, गुहागर-चिपळूण बाजूचे सगळे रस्ते पाठ. दोन गोष्टी सांगतो. एक, अरुंद चढावर दोन वाहनं समोरासमोर आली तर चढणाऱ्याला आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने थांबायचं, हा जुना नियम आहे आणि आम्ही तो पाळायचो. त्यामुळे धागाकर्त्याला एसटीवाल्याने वाट दिलीच असती, त्याचा त्रास नव्हताच. त्रास मागून आला. दुसरी गोष्ट जी इथे कोणी बोलत नाही ती म्हणजे साईडपट्टी. दर वेळी जुन्या डांबरावर नवीन थर, त्यामुळे रस्त्याची कड कडेच्या मातीपेक्षा चार-सहा इंच वर. त्यात पावसाळ्यात लाल माती वाहून जाते, गणपतीपर्यंत झाडी इतकी आत येते की पांढरा पट्टा दिसत नाही. गाडीवाला म्हणतो जरा खाली उतर. गाडीचं एक चाक उतरलं तर पोटातलं पाणी हलत नाही. सायकलचं पुढचं चाक एकदा त्या कडेखाली गेलं आणि तुम्ही हँडल थोडासा उजवीकडे वळवून परत वर यायला बघितलं की टायर कडेला घासत राहतं, वर चढत नाही, आणि माणूस उजवीकडे, म्हणजे सरळ गाडीच्या चाकाखाली पडतो. धागाकर्ता डावीकडे झुडपात पडला हे त्याचं नशीब. म्हणून कडेपासून हातभर आत चालवणं बरोबरच आहे, ते 'मधून चालवणं' नव्हे.

स्टिअरिंग_पुणे

काका, ही माहिती खरंच नव्हती मला. तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. टुरिस्ट आला की सगळे त्याच्यावर घसरतात. एमएच १२ दिसली की बोंब. लोकल पिकअपवाले वळणावर ओव्हरटेक करत नाहीत का? माझ्या मिररला घासून गेलाय एकजण आरे-वारेच्या तिथे, थांबला पण नाही.

वेंगुर्लेकरीण

करतत. बोलेरो भाईंक इचारा.

बोलेरो_भाई

😂 ताई सुटा ना. बरं, वळणावर मी पण घालतो कधी कधी, पेट्यांचा टाइम असतो. पण सायकलवाला पडला असता तर मी थांबलो असतो. तो थांबला नाही आणि वर जेटीवर मालकी दाखवली, तिथे माझं डोकं फिरलं.

मोजपट्टी

थांबलो असतो हे ठीक, पण साठच्या स्पीडला गाडी एका सेकंदात १६-१७ मीटर जाते, माणूस पडलेला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. मग थांबून काय, १०८ लावायला?

बोलेरो_भाई

चढाला साठ कोण चालवतं रे.

कायद्याचं_बोला

धागाकर्त्याने तक्रार द्यावी असं माझं मत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंग येतं, २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदेशीर ओव्हरटेक त्यात स्पष्ट लिहिलाय. पहिल्या गुन्ह्याला १००० ते ५००० दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. शिवाय जुलै २०२४ पासून जी भारतीय न्याय संहिता आली तिचं कलम २८१, बेदरकार वाहन चालवणं. नंबर, वेळ, जागा लिहून द्या. एसटीच्या ड्रायव्हरने थांबून बघितलंय म्हणजे साक्षीदार आहे तुमच्याकडे, फलाटावर नाही तर डेपोत विचारलं तर एसटीच्या त्या खेपेला ड्रायव्हर कोण होता ते कळेल. जेटीवर कॅमेरा असेल तर फुटेज लवकर मागा, नंतर पुसलं जातं.

निवांत_आंबोळी

आणि नंबर इथे टाकू नका. लोक घर शोधून काढतात, आज्जींना उगाच ताप.

सड्यावरचा_सायकल्या

नाही टाकणार. तक्रार लिहितोय. सोबत साईडपट्टी आणि झाडीसाठी बांधकाम खात्याला निवेदन पण द्यायचंय, तात्या तुम्ही सांगितलेलं जसंच्या तसं घालतो. सह्या कोण देणार?

चिरेवाला_०८

माझी धरा. चढाला कुठेतरी दोन-तीन जागी कड रुंद करून द्या म्हणावं, म्हणजे सायकलवाला तिथे सरकेल आणि आम्हाला क्लच जाळायला नको.

बोलेरो_भाई

सही देतो पण 'सायकलवाल्यांनी एकेरी रांगेत चालवावं' हा मुद्दा पण आत पाहिजे.

सड्यावरचा_सायकल्या

बांधकाम खातं रांग लावायला येणार आहे का भाई? घालतो, पण वळणाच्या अलीकडे 'ओव्हरटेक करू नये' पाटी हा मुद्दा त्याच्या वर.

बोलेरो_भाई

खाली.

सड्यावरचा_सायकल्या

वर.

स्टिअरिंग_पुणे

पुण्याच्या माणसाची सही चालते का?

वेंगुर्लेकरीण

चलता. पण पुढच्या टायमाक फेरयेक अर्धो तास आधी निघा.