मदत हवी आहे: पायथॉनमध्ये बऱ्याच फाइली एकदम, ओळीला ओळ लावून कशा वाचायच्या?

मंडळी, सोसायटीच्या पाणी मीटरच्या रीडिंगच्या टेक्स्ट फाइली आहेत, प्रत्येक विंगची वेगळी, आणि मला सगळ्यांची पहिली ओळ एकत्र, मग दुसरी एकत्र अशी वाचायचीय. फाइलइनपुट (पायथॉनचं फाइली वाचायचं मॉड्यूल) नको, ते एक फाइल संपली की मग दुसरी घेतं. झिप (सगळ्यांतली एकेक ओळ एकत्र देणारं फंक्शन) लावलं तर सगळ्यात छोटी फाइल संपली की गुपचूप थांबतं, एररपण नाही, हे डेंजरच आहे, आणि लांबी वेगळी निघाली तर एरर देणारा स्ट्रिक्टचा ऑप्शन पायथॉन 3.10 पासूनच आहे, माझ्याकडे 3.8. म्हणून इटरटूल्स मॉड्यूलमधलं झिप-लाँगेस्ट (सगळ्यात मोठी फाइल संपेपर्यंत चालणारं) घेतलं, तर बी विंगची फाइल संपल्यावर नन (None, म्हणजे ‘काहीच नाही’) येतं नि ओळीच्या कडेची मोकळी जागा काढणारं स्ट्रिप तिथंच आपटतं, ते फिलव्हॅल्यूला (नसलेल्या ओळीच्या जागी काय भरायचं ते) रिकामी स्ट्रिंग देऊन सुटलं.

पण फाइली कधी तीन, कधी सात, मग विथमध्ये (काम झालं की फाइल आपोआप बंद करणारी रचना) सगळ्या उघडून नीट बंद कशा करू? एक्झिटस्टॅकचं नाव ऐकलंय, कुणी छोटंसं उदाहरण टाकाल का?