घराच्या विम्यातले जादा कव्हर घ्यावेत का? भोगलेल्यांनी अनुभव सांगा

शाहूपुरीची माई
काल विम्याचा हप्ता भरायचा मेसेज आला, खाली जादा कव्हरची ही लांबलचक यादी. दागिने, घरफोडी, विजेच्या वस्तूंचा बिघाड, किल्ली हरवली तर कुलूपवाला, सायकल, काय काय. वाचता वाचता 2019 चा ऑगस्ट आठवला, कोल्हापूरचा महापूर. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट म्हणजे धोका पातळी, तेव्हा पाणी 55 च्या वर गेलेलं. आमच्या तळमजल्यात कमरेच्या वर. पाणी उतरल्यावर प्लायचं कपाट उघडलं तर दारच हातात आलं, आत सासूबाईंच्या नऊवारी एकमेकीला चिकटलेल्या, रंग एकातला एकात गेलेला, धुतल्या तरी वास जाईना. तेव्हा विमा होता, बँकेनं कर्जाबरोबर दिलेला, पण फक्त इमारतीचा. रंगाचे आणि वायरिंगचे थोडे पैसे आले, सामानाचं काही नाही.
आता नीट ठरवायचंय. एजंटचं नको, ज्यांनी क्लेम केलाय त्यांचं सांगा.

गंगावेस
माई आधी मूळ पॉलिसीत काय आहे ते बघा, मग यादीकडं वळा. एप्रिल 2021 पासून भारत गृह रक्षा म्हणून एकसारखी पॉलिसी आहे, कुठल्याही कंपनीची घ्या गाभा तोच. आग, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड सगळं आतच. इमारतीचा विमा काढला की सामानाला त्याच्या 20 टक्के आपोआप, जास्तीत जास्त 10 लाख. म्हणजे समजा 700 फुटाचं घर, बांधायला 2000 रुपये फूट, झाले 14 लाख, सामानाला 2 लाख 80 हजार. घरात जास्त असंल तर यादी देऊन वाढवून घ्यायचं. आणि आकडा पुन्हा बांधायच्या खर्चाचा धरायचा, शाहूपुरीतल्या जागेच्या भावाचा नाही. जागा काय पुरात वाहून जात नाही.

शाहूपुरीची माई
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं ओ दादा. आजच कागद काढतो.

कुंभार गल्लीतली सून
आमचं वेगळंच दुखणं. पाणी येतं जुलै ऑगस्टला आणि तेव्हाच गणपती रंगवून तयार असतात. 2021 ला रात्रीत मूर्ती वर चढवल्या, माळ्यावर, शेजाऱ्यांच्या गच्चीवर, जिथं जागा मिळंल तिथं, तरी खालच्या रांगेतल्या विरघळल्या. शाडूचं काय राहतंय पाण्यात. सर्व्हेअर आले, म्हणजे विमा कंपनीकडनं नुकसान बघणारे, फ्रिज लिहिला, गादी लिहिली, मूर्तीला हात लावला नाही. म्हणले हा धंद्याचा माल, घराच्या पॉलिसीत बसत नाही. धंद्याची वेगळी असते, भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, ती काढली आता. घरात शिलाई, पापड, चप्पल काय पण करत असाल तर जादा कव्हरच्या आधी हे बघा, जीव तोडून सांगते. वर्षाची कमाई असते ती.

नदीकाठचा
वैनी वाचून पोटात तुटलं. यंदा मूर्ती तुमच्याकडनंच नेणार, 1 फुटाची बाजूला ठेवा.

कुंभार गल्लीतली सून
ठेवते की, या सवडीनं 🙏

राजारामपुरी चौथा मजला
आमच्याकडं पाणी येत नाही, तरी सांगतो, पूर काढून हप्ता कमी करून देतो म्हणणारे भेटायचे जुन्या पॉलिसीत. ज्यांच्या पॉलिसी जुन्या ढंगाच्या चालू आहेत त्यांनी बघा, पूर आत आहे का बाहेर ते एका ओळीत लिहिलेलं असतं. मी स्वतः जादाचं काही घेतलेलं नाही, चौथ्या मजल्यावर मला भूकंप आणि आग एवढीच काळजी आणि ती मुळातच आहे.

आंबेवाडीचा
चोरीचं बोला की कोणतरी. आमच्यात पुरात निम्मी माणसं घर सोडत नाहीत ती चोरांच्या भीतीनं. बोट दारात येऊन उभी, आज्जी म्हणती माझी तांब्याची भांडी हायत मी येत नाही. शेवटी भांडी पोत्यात घालून पोतं पहिलं बोटीत ठेवलं तेव्हा म्हातारी उतरली. तर मूळ पॉलिसीत चोरी हाय पण पूर किंवा आग झाल्यापास्नं 7 दिवसातली. एरवी कुणी कुलूप तोडलं तर त्याला घरफोडीचं कव्हर वेगळंच घ्यावं लागतंय. आमी घेतलंय कारण ऊसतोडीच्या टायमाला घर बंद असतंय.

ताराबाई पार्क
आज्जी ग्रेट 😀

ताराबाई पार्क
दागिन्यांचं सांगते. एजंट सगळ्यात आधी हेच गळ्यात मारतो. आमचे दागिने वर्षभर बँकेच्या लॉकरात, घरी असतं मंगळसूत्र आणि पाटल्या. म्हणून नाही घेतलं. पण ज्यांचं सोनं घरातच असतं त्यांनी घ्यावं कारण साध्या सामानात दागिने मोजत नाहीत, किंमत आधी ठरवून लिहून द्यावी लागते, मोठी रक्कम असेल तर मूल्यांकनाचा कागद मागतात. रोकड तर साध्या सामानात नाहीच.

बापट कॅम्प भाडेकरू
भाड्यानं राहणाऱ्यांनी काय करायचं? घर मालकाचं, टीव्ही वॉशिंग मशीन माझं

गंगावेस
फक्त सामानाची पॉलिसी मिळते भावा, इमारत नको म्हणून सांग.

नदीकाठचा
2019 चं नाव काढलं की मला पाणीच आठवतं, प्यायचं. चारी बाजूनं पाणी आणि नळाला थेंब नाही, शहराला पाणी देणारं शिंगणापूरचं पंपिंगच बुडालेलं. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. हायवे बंद, दूध नाही पेट्रोल नाही. माझ्या मेव्हण्यानं त्या दिवसात बिनदुधाचा चहा प्यायची सवय लावून घेतली ती आजपर्यंत. असो धागा विम्याचा आहे. घरातून बाहेर राहावं लागलं तर भाडं देतात का विमावाले?

शुक्रवार पेठ
देतात, घर राहण्यालायक नाही असं ठरलं तर. भारत गृह रक्षात ते आतच आहे, जादा पैसे द्यायचे नाहीत. राडारोडा उचलायचे पण क्लेमच्या 2 टक्क्यापर्यंत आहेत. म्हणून म्हणतो यादीतली अर्धी नावं मुळातच असतात, पॉलिसीचा कागद शेजारी ठेवून एकेक खोडा.
क्लेमचा अनुभव : 2021 ला पाणी उतरल्यावर महापालिकेच्या गाड्या आल्या कचरा न्यायला, सगळी गल्ली गाद्या टाकत होती. वडील म्हणाले थांबा, काही टाकायचं नाही. भिंतीवर चिखलाची रेघ होती तिथं टेप लावून फोटो काढला, वॉशिंग मशीनच्या मागचा नंबर पुसून त्याचा फोटो, सोफा, पंप, मीटरची पेटी, सगळ्याचा व्हिडिओ. कंपनीला त्याच दिवशी कळवलं. सर्व्हेअर उशिरा आला, तोवर वास सहन करत बसलो, पण सामानाचे पैसे बऱ्यापैकी मिळाले. बिलं नव्हती निम्म्याची, फोटोवर चाललं.

कदमवाडी
विजेच्या वस्तूंचं कव्हर कुणी वापरलंय का? पुरात फ्रिज गेला तर तो पुरातच धरतात ना

शुक्रवार पेठ
हो, पाण्यात भिजला तो पुरातच. हे वेगळं कव्हर आतल्या आत जळलं, शॉर्टसर्किट, व्होल्टेज वाढलं त्यासाठी. आमच्या पेठेत व्होल्टेज खेळ करतं, पण फ्रिज दहा वर्षाचा, त्याला घसारा, म्हणजे जुनं झाल्याची वजावट, लावून काय येणार? नाही घेतलं. नवा एसी, नवा टीव्ही असेल तर विचार करा.

बुलेटवाला
गाडी बुडाली तर?

आंबेवाडीचा
गाडी घराच्या विम्यात येत न्हाई, पार्किंगमधी उभी असली तरी. तिचा फुल विमा पायजे, नुसता थर्ड पार्टी, म्हंजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरता, असंल तर रुपया मिळत न्हाई. आणि भिजलेली गाडी चालू करून बघू नको भावा, इंजिनात पाणी गेलं की खर्च बघवत न्हाई. टोइंग करून न्यायची. आता दुचाकी वर कुठं लावायची त्यावर वेगळा धागा काढा, आमच्या गल्लीत भांडणं व्हतात त्यावरनं.

रंकाळ्याकाठी
आमचा क्लेम निम्म्यावर आणला. कंपनीचं नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. म्हणे भिंतीची ओल जुनीच होती. बांधकामवाल्याचं पत्र, आधीच्या दिवाळीचे भिंतीसमोरचे फोटो सगळं जोडलंय. पुढं कुठं जायचं सांगा कुणीतरी, आई रोज विचारते.

गंगावेस
आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, पोच घ्या. महिन्यात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी. आपल्याला पुण्याचं ऑफिस. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो. उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत करा.

शाहूपुरीची माई
सगळ्यांचे मनापासून आभार. कागद काढला, पूर आत आहे, सामान 20 टक्केवालं आहे. सामान वाढवून घेणार आणि घरफोडीचं घेणार, मे महिन्यात आम्ही गावाला असतो. दागिने, किल्ली, सायकल नको. रंकाळ्याकाठी ताई, तुमचा अर्ज लिहायला मदत पाहिजे तर मेसेज करा, माझा मुलगा बसेल रविवारी.

रंकाळ्याकाठी
करते करते, रविवारी दुपारनंतर चालेल का? सकाळी आईला दवाखान्यात न्यायचंय