पुण्याच्या वाघोलीत दुसरा फ्लॅट: मेट्रो येणार म्हणून आत्ताच घ्यायचा?

हिशेबी
परवा आमच्या ग्रुपवर एकाने टाकलं: 'वाघोलीत 60 लाखांचा टूबीएचके आत्ताच बुक करा. मेट्रो आली की पाच वर्षांत दुप्पट. हप्ता भाड्यातून निघतो. आज थांबलेले लोक खराडीच्या वेळीही थांबलेच होते.' खाली अंगठ्यांची रांग. उत्तर दोन ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितोय.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट. 60 लाखांवर 5 टक्के जीएसटी, म्हणजे 3 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के, 4 लाख 20 हजार (बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का कमी). नोंदणीचे 30 हजार. साडेसदुसष्ट लाख झाले आणि अजून घरात पंखासुद्धा लागलेला नाही. 48 लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी काढलं तर हप्ता साडेएकेचाळीस हजारांच्या पुढे जातो. भाडं 18 हजार धरू. मेंटेनन्स गेल्यावर हातात पंधरा. म्हणजे दर महिन्याला सव्वीस हजार पगारातून घालायचे, तेही ताबा मिळाल्यावर. त्याआधी भाडं शून्य.

दुप्पट म्हणजे वर्षाला जवळजवळ 15 टक्के. 2014 नंतरची काही वर्षं पुण्यात भाव जागचे हलत नव्हते, ती माणसं इथेही असतील. आणि विकायला निघालात की शेजारी त्याच बिल्डरचा पुढचा फेज विक्रीला असतो. कोरा फ्लॅट सोडून गिऱ्हाईक तुमचा कशाला घेईल?

मेट्रोचं म्हणाल, तर आत्ताची मेट्रो जिथे संपते त्या रामवाडीच्या पुढे वाघोली-विठ्ठलवाडीला केंद्राची मंजुरी मिळाली जून 2025 मध्ये. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 चं. 2025 चा पावसाळा आला तरी त्या मार्गावर गाडी धावत नव्हती.

खराडीवाला
हे सगळं गणित मला 2008 मध्ये सासऱ्यांनी करून दाखवलं होतं. मी तरीही खराडीत फ्लॅट घेतला. आज मुलीच्या शिक्षणाचं कर्ज काढावं लागलं नाही, ते त्या फ्लॅटमुळे.

तुम्ही एक गोष्ट हिशेबात धरतच नाही. फ्लॅटऐवजी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा पैसे घाला म्हणाल, तर ती मोडता येते, म्हणून मोडली जाते. भावाचं लग्न, गाडी, आजारपण, प्रत्येक वेळी हात तिकडेच जातो. हप्ता चुकवायला माणूस घाबरतो, म्हणून पैसा साठतो. पगारदार माणसाच्या घरात याशिवाय मोठी रक्कम उभी राहिलेली मी पाहिलेली नाही.

हिशेबी
एसआयपी मोडली जाते, हे खरं आहे. तेवढं मान्य करतो. पण खराडीचा दाखला वाघोलीला लागत नाही. खराडीत आयटी पार्क उभे राहिले, त्यांच्यामागे भाडेकरू आले. मगरपट्ट्यात शेतकऱ्यांनी स्वतःच्या सुमारे 400 एकर जमिनी एकत्र केल्या आणि ऑफिसं आणि घरं एकाच आवारात बांधली. वाघोलीत माणूस झोपायला येतो. सकाळी नगर रोडला लागून पुन्हा खराडीलाच जातो.

बकोरी रोड
तुम्ही दोघं टक्क्यांवर भांडा. आम्ही इथे वाघोलीत राहतो.

पहाटे पाचला टँकर येतो. कमिटीतलं कुणीतरी बॅटरी घेऊन खाली उतरतं, टाकीचं झाकण उघडून काठी घालतं, ओली खूण किती वर आली ते बघतं आणि मगच पावतीवर सही करतं. काठी नाही घातली तर अर्धा टँकर शेजारच्या सोसायटीत जातो. बोअरचं पाणी असलं की बादलीला पांढरा थर आणि गीझर वर्षाच्या आत बाद.

बिल्डरने परवानगी घेताना हमीपत्र लिहून दिलंय: महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी पुरवीन. सोसायटी आमच्या ताब्यात दिली त्या दिवसापासून टँकरचं बिल आमचं. गाव 2021 मध्ये महापालिकेत गेलं, कराची बिलं आली, पाणी नाही.

आणि गुंतवणूकदार मालक? आमच्या मजल्यावरची निम्मी दारं बंद. वार्षिक सभेला कोणी येत नाही. टँकरची वर्गणी मागितली की फोनवर उत्तर येतं, 'माझा फ्लॅट बंद आहे, मी पाणी वापरत नाही, मी का देऊ?'

खराडीवाला
ताई, खराडी-वडगाव शेरीलाही टँकरच होते. भामा-आसखेड धरणाचं पाणी 2021 च्या जानेवारीत आलं. आम्ही थांबलो. तुम्हीही थांबा, येईल.

आणि सगळा दोष मालकांवर ढकलू नका. भाडेकरू ठेवला की तुमच्यासारख्या कमिट्या नॉन-ऑक्युपन्सीच्या (मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायच्या शुल्काच्या) नावाखाली वाट्टेल ते लावतात. सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर एक रुपया घेता येत नाही, हा सरकारी आदेश 2001 पासून आहे. बॅचलर मुलं ठेवली तर वॉचमनला सांगून त्यांना लिफ्टमधून उतरवतात. मग फ्लॅट बंद राहणार नाही तर काय होणार?

बकोरी रोड
'थांबा' म्हणायला तुमचं काय जातं? 2008 ते 2021 म्हणजे तेरा वर्षं. तेवढ्यात माझी मुलं शाळा संपवून बाहेर पडतील. तुम्ही तोवर खराडीत राहत होता की भाड्याने देऊन दुसरीकडे?

आमच्याकडे मुलं-मुली सगळे भाड्याने राहतात. कोणाला अडवलेलं नाही आणि 10 टक्क्यांवर पैसाही घेतलेला नाही. दुसऱ्या सोसायटीचा राग माझ्यावर काढू नका.

खराडीवाला
कोथरूडला राहत होतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

बकोरी रोड
तेच विचारत होते.

नगर रोड तात्या
फ्लॅटवाल्यांचं निदान छप्पर तरी आहे. आमच्या भागातले लोक पुरंदर विमानतळाच्या नावावर 2016 पासून सासवडच्या बाजूला गुंठे घेतायत. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, रस्ता कागदावरच, बांधकाम परवानगी मिळत नाही. त्यावरही कोणीतरी धागा काढा.

सातारकर
मी गुंतवणूकदार नाही. राहायला घ्यायचंय, बजेट 55 पर्यंत. वाघोली सोडून दुसरीकडे या पैशात टूबीएचके दिसत नाही. काय करू?

हिशेबी
राहायला घेत असाल तर माझं वरचं गणित तुम्हाला तसंच्या तसं लागू नाही, तुमचं भाडं वाचतं. पण ओसी (महापालिकेचा भोगवटा दाखला) मिळालेला, बिल्डरकडे शिल्लक राहिलेला किंवा रिसेलचा बघा. जीएसटी लागत नाही आणि ताबा कधी मिळेल ही टांगणी नाही.

खराडीवाला
ओसीवाल्याचा दर जास्त असतो, तेही सांगा की. जीएसटी वाचतो हे कबूल, पण दरातला फरक त्याहून मोठा निघू शकतो.

बकोरी रोड
सातारकर, दर नंतर. आधी करारनाम्याचा मसुदा मागा. त्यात पाण्याचं कलम शोधा, बहुतेक मधल्या पानांत दडलेलं असतं. 'महापालिकेचा पुरवठा होईपर्यंत टँकरचा खर्च सदनिकाधारकांनी करावा' असं असेल तर ते हमीपत्राच्या उलट आहे, बदलून मागा. मग सकाळी सहाच्या आत शेजारच्या सोसायटीच्या गेटवर उभे राहा आणि टँकर मोजा. वॉचमन सगळं सांगतो.

सातारकर
आज गेलो होतो. मसुदा दाखवत नाहीत. आधी टोकन भरा, मग देतो म्हणाले.

हिशेबी
मसुदा महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाच्या पानावर अपलोड केलेला असतो, तिथून उतरवा. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे त्यांना तोंडावर सांगा.

बकोरी रोड
10 टक्के म्हणजे साडेपाच लाख. कलम वाचल्याशिवाय त्यातले पाच हजारही देऊ नका. मिळालं की ते पान इथे टाका, मी आमच्याशी ताडून बघते.