छापखान्याचं नाव 'प्रकाशक' म्हणून कशाला?

रंकाळाकाठ: लेखकाच्या पैशानं 300 प्रती छापायच्या आणि शीर्षकपानामागं 'प्रकाशक' म्हणून छापखान्याचं नाव टाकायचं, हे कोल्हापुरात सर्रास चाललंय. माझ्या मते हे नुसतं मुद्रण. प्रकाशक म्हणजे जो हस्तलिखित निवडतो, संपादन करून घेतो, स्वतःचा पैसा अडकवतो आणि पुस्तक दुकानात पोचवतो. घोळ आपल्या शब्दातच आहे म्हणा. शाहू स्मारकाच्या सभागृहात पुस्तकाची रिबीन सोडली की तेही 'प्रकाशन'!

खरीकॉर्नर: पैसा कुणाचा, हे कायदा विचारतच नाही. कॉपीराइट कायदा 1957, कलम 3: प्रती काढून किंवा लोकांपर्यंत पोचवून कृती उपलब्ध करून देणं म्हणजे प्रकाशन. निवड, संपादन यांचा त्यात शब्दही नाही. लेखकानं पिशवीत घालून घरोघरी विकलं तरी तो प्रकाशकच. उलट एखाद्या बड्या प्रकाशकानं छापून गठ्ठे माळ्यावर टाकले, तर प्रकाशन झालं कुठं? तुम्ही शब्दाला प्रतिष्ठा चिकटवताय.

रंकाळाकाठ: कायद्याची व्याख्या हक्क ठरवायला आहे ओ. 'प्रकाशक' वाचल्यावर गिऱ्हाईक धरून चालतं की कुणीतरी हे पारखून घेतलंय. इथं पारखलंय ते फक्त बिल.

फॉर्मा सोळा: खरं दुखणं आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या आंतरराष्ट्रीय ओळख-नंबराचं आहे. छापखान्याच्या नावावरचा नंबर घेतला की नोंदीत प्रकाशक छापखानाच. दुसरी आवृत्ती दुसरीकडं काढायची म्हटली तर तो नंबर चालत नाही. राजा राममोहन रॉय एजन्सीकडून लेखकाला स्वतःच्या नावावर नंबर मिळतो, तोही फुकट. पुठ्ठा बांधणी आणि कागदी बांधणी असेल तर दोन वेगळे नंबर. नुसत्या पुनर्मुद्रणाला जुनाच. पावतीवर 'छपाई व बांधणी' एवढंच लिहून घ्या. 'प्रकाशनहक्क देत आहे' असल्या कागदावर सही करायचीच असेल, तर मुदत घाला. मुदत कोरी राहिली तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 प्रमाणं 5 वर्षं धरतात, आणि तेवढ्यात दुसऱ्याला हक्क देता येत नाही.

खरीकॉर्नर: हे पटलं. मग लेखकानं प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव टाकलं तर रंकाळाकाठांची हरकत नाही ना?

रंकाळाकाठ: टाकू दे की. मग 1954 च्या कायद्याप्रमाणं 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायचं कामही त्याचंच. टपालखर्चासकट.